स्वस्त क्रीमवरचा आळ

विठ्ठलवाडी स्टेशनाच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. या पट्ट्यातल्या कोणत्याही दुकानात दाढीच्या क्रीमची छोटी ट्यूब शंभर रुपयांच्या आत मिळते. तरीही ती उचलताना गिऱ्हाइकाचा हात अडखळतो, कारण एक समज पक्का बसलेला आहे: स्वस्त क्रीमने चेहरा कोरडा पडतो, आग होते, पुरळ उठतं, चेहऱ्याची काळजी असेल त्याने डब्यातला फोम घ्यावा, नाहीतर परदेशी नावाचं क्रीम. समज बाळगणारे तीन कारणं देतात. स्वस्त क्रीममध्ये माल हलका असतो, त्याचा फेस टिकत नाही, आणि आपल्या भागात स्वस्त म्हणजे नकली असण्याचा धोका असतो. तिन्ही कारणं तपासून पाहण्याजोगी आहेत, कारण या समजापायी महिन्याचा हिशेब जुळवणारी माणसं विनाकारण जादा पैसे मोजतात.

आधी मालाचं बघू. फेसाळणारं दाढीचं क्रीम म्हणजे मऊ साबण. स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातली आम्लं घ्यायची, त्यांचा कॉस्टिक पोटॅश आणि थोड्या कॉस्टिक सोड्याशी संयोग घडवायचा, त्यात ग्लिसरीन आणि पाणी. पोटॅशमुळे साबण मऊ राहतो आणि चटकन विरघळतो. काही स्टिअरिक आम्ल मुद्दाम मोकळं ठेवतात, त्याने क्रीमला मोत्यासारखी झाक येते. ही कृती जुनी आहे, कोणा एकाच्या मालकीची नाही. ट्यूबच्या मागे घटकांची यादी असते, जास्त प्रमाणाचा घटक आधी. स्वस्त आणि महाग ट्यूब शेजारी धरून वाचा. फेसाळणारं क्रीम असेल तर पहिली चार-पाच नावं बहुधा तीच निघतात. फरक पडतो तो सुगंधात, वेष्टनात आणि जाहिरातीत. मेंथॉलचा थंडावादेखील त्वचेची निगा राखत नाही. गारवा ओळखणारे मज्जातंतू त्याने चाळवले जातात, एवढंच.

साबण अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून साबण वाईट, असा आक्षेप येतो. तो खरा आहे, पण महागड्या फेसाळ क्रीमलाही तितकाच लागू आहे. उपाय दोघांनाही एकच: दाढी झाली की चेहरा भरपूर पाण्याने धुणे.

दुसरं कारण अनुभवाचं आहे, म्हणून त्याला जास्त मान द्यायला हवा. लोक खोटं बोलत नाहीत. फेस खरोखर बसतो आणि पातं खरोखर ओढतं. पण का? दाढीचा केस केरॅटिनचा असतो. कोरडा असताना तो चिवट, पाणी प्याला की फुगतो आणि मऊ होतो. मग तो कापायला बराच कमी जोर लागतो. असं मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, कोमट पाण्यात त्याहून कमी. म्हणजे केस मऊ करतं पाणी. क्रीमचं काम ते पाणी केसाला धरून ठेवणं आणि पात्याखाली सरकायला जागा देणं. आपण मात्र सकाळची लोकल डोळ्यांपुढे ठेवून अर्ध्या मिनिटात क्रीम फासतो आणि लगेच पातं चालवतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण इथे क्रीमच्या वाट्याला आली आहे.

त्यात आपल्याकडचं पाणी. पालिकेच्या नळाला येणारं उल्हास नदीचं पाणी साबणाला चांगलं. पण कितीतरी इमारतींत वापराचं पाणी बोअरचं असतं. काळ्या पाषाणातून मुरलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरलेलं असतं. ते साबणातल्या स्टिअरिक आम्लाशी जुळलं की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि फेस मरतो. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे प्रत्येक घरातली बाई जाणते, पण त्याच पाण्याने दाढीचा फेस बसला की दोष ट्यूबला जातो. पिण्याच्या नळाचं पेलाभर पाणी कोमट करून घ्या आणि त्याच क्रीमला दुसरी संधी द्या.

पाण्याचा हा धडा जिलेटसारख्या कंपनीलाही उशिरा मिळाला. भारतासाठी आणलेल्या व्हेक्टर रेझरची चाचणी आधी अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली. त्यांच्याकडे वाहता नळ होता. इथला माणूस पेलाभर पाण्यात दाढी उरकतो. त्याच्या रेझरमध्ये केस अडकून बसू लागले. पुढे कंपनीने इथल्या घरांत जाऊन दाढी कशी होते ते पाहिलं, आणि २०१० मध्ये एका पात्याचा गार्ड रेझर १५ रुपयांना बाजारात आणला.

सलूनमधला कारागीर तर हे सगळं करूनच दाखवतो. त्याच्या फळीवर बहुतेक वेळा स्वस्तातलीच मोठी ट्यूब असते. तो आधी पाण्याचा फवारा मारतो, ब्रश गोल फिरवत केसांच्या मुळाशी फेस पोचवतो, एक हात फिरवून पुन्हा फेस लावतो, शेवटी तुरटी. तिथली दाढी घरच्यापेक्षा गुळगुळीत होते हे सगळे मान्य करतात, आणि घरी येऊन क्रीम बदलतात!

नकलीचा धोका मी नाकारत नाही. उल्हासनगरच्या मालावर नकलीचा शिक्का मारणं मात्र अन्यायाचं आहे. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीच्या बराकींत धंदे उभे केले. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. तिथली असंख्य माणसं आजही चोख माल विकतात. शिवाय नक्कल करणारा कशाची नक्कल करील? ज्यात नफा जास्त त्याची, म्हणजे महागड्या नावाची. ओळख पटवायची तर बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापराची मुदत पाहावी. दाढीच्या क्रीमला भारतीय मानक ब्यूरोचं मानक आहे, आयएस ९७४०, आणि त्यात स्वस्त-महाग असा भेद नाही.

काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: क्रीम हवंच कशाला, अंगाची वडी पुरे. हेही पटत नाही. वडीचा साबण सोड्याचा. त्याचे बुडबुडे मोठे आणि चटकन सुकणारे, म्हणून ऐन वेळी पातं कोरड्या गालावर येतं. छोट्या ट्यूबमधून दर खेपेला ओल्या ब्रशवर वाटाण्याएवढं क्रीम घेतलं तरी ती अनेक आठवडे पुरते. करही उतरला आहे: जुलै २०१७ मध्ये सरकारने क्रीमवर २८ टक्के जीएसटी लावला होता, नोव्हेंबरात तो १८ झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. आता ते टूथपेस्टच्या आणि खोबरेल तेलाच्याच रांगेत आहे.

दोन प्रकारच्या लोकांना मात्र माझं म्हणणं जसंच्या तसं लागू होत नाही. ज्यांना सुगंधाची ॲलर्जी आहे त्यांनी बिनवासाचं क्रीम शोधावं, महाग पडलं तरी घ्यावं, आणि पुरळ हटत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. दुसरे कुरळ्या दाढीचे. त्यांचा अगदी मुळापाशी कापलेला केस वळून पुन्हा त्वचेत शिरतो आणि पुटकुळ्या येतात. तीन-चार पात्यांच्या रेझरने हे वाढतं, कारण पहिलं पातं केस ओढतं आणि पुढचं तो त्वचेच्या खाली कापतं. त्यांनी एक पातं वापरावं, केस उगवतात त्याच दिशेने फिरवावं, आणि फार खोल दाढीचा हट्ट सोडावा.