पासलीचा व्यावसायिक आणि संगणकीय कारभार

वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हे गाव लागते. पावसाळ्यात पर्यटकांची वर्दळ असलेल्या या भागात खानावळ किंवा घरगुती निवास सुरू करू इच्छिणाऱ्यास पूर्वी प्रत्येक दाखल्यासाठी वेल्हे, प्रसंगी पुणे गाठावे लागे. (या तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली.) आता बहुतेक अर्ज ऑनलाइन भरले जातात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे आहे. जुलै २०२० मध्ये सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी तर निःशुल्क असून, तीसाठी कागदपत्रेही जोडावी लागत नाहीत. पॅनचा तपशील सरकारी माहितीसाठ्यांतून परस्पर पडताळला जातो.

मेख नेमकी येथेच आहे. आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरे, हा प्रकार ग्रामीण भागात नवा नाही. कारकून माणूस ओळखून तो समजून घेई. संगणक घेत नाही.

वस्तू व सेवा करात हे अधिक ठळकपणे दिसते. १ नोव्हेंबर २०२५ पासून, माहितीच्या विश्लेषणातून कमी जोखमीचे ठरलेल्या अर्जदारांना कामकाजाच्या तीन दिवसांत नोंदणी मिळते. जोखमीचे ठरलेल्यांना मात्र बोटांचे ठसे देण्यासाठी केंद्रावर जावे लागू शकते. शहरातील व्यापाऱ्याला हा तासाभराचा फेरा. पासलीकराचा दिवस मोडतो. वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या खानावळीला सर्वसाधारणपणे या नोंदणीची गरजच नसते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

शेतमालाचा व्यवसायही याच वाटेवर आहे. जून २०२५ मध्ये राज्याने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले. त्याआधीच, १५ एप्रिल २०२५ पासून, कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असतो. म्हणजे पुन्हा सातबारा आलाच.

सातबाऱ्यातील लेखनप्रमाद जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ अन्वये दुरुस्त करता येतो. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ नुसार अधिसूचित सेवा नाकारताना लेखी कारण देणे बंधनकारक असून, तीस दिवसांत पहिले अपील करता येते. मात्र अर्ज संगणकाने स्वीकारलाच नाही, तर पोच मिळत नाही. आणि पोच नसेल, तर मुदत मोजायची कोठून, हा प्रश्न उरतो.