वरकस जमिनीचा इतिहास : साष्टीच्या डोंगरउतारावरील मुरमाड माती, महसूल आणि मुंबईचे पाणी

प्रस्तावना

मुंबई उपनगर जिल्ह्याचा इतिहास लिहिताना बेटे, खाड्या, भराव आणि लोहमार्ग यांचा विचार प्राधान्याने होतो. बोरिवली ते मुलुंड आणि अंधेरी ते घाटकोपर या पट्ट्याच्या मध्यभागी असलेल्या डोंगरांचा उल्लेख राष्ट्रीय उद्यान किंवा कान्हेरीची लेणी एवढ्यापुरताच येतो. त्या डोंगरांवरील मातीचा इतिहास मात्र क्वचितच अभ्यासिला जातो. ही माती पातळ, दगडगोट्यांनी भरलेली आणि पाण्याचा झपाट्याने निचरा करणारी आहे. कोकणात अशा उताराच्या हलक्या जमिनीला ‘वरकस’ म्हटले जाते. ‘वरकस’ ही संज्ञा मातीच्या गुणधर्मापेक्षा महसुली मूल्यमापनाची निदर्शक आहे, आणि या मूल्यमापनाचे परिणाम उपनगरांतील डोंगरउतारावर राहणाऱ्या लोकांना आजही भोगावे लागत आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

मातीचे स्वरूप

साष्टी बेटाचा मध्यवर्ती डोंगराळ भाग दख्खनच्या ज्वालामुखीय खडकांचा बनलेला असून त्याचा सर्वोच्च माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४६८ मीटर उंच आहे. बेसाल्ट खडकाची झीज होताना तो प्रथम भेगांच्या अनुरोधाने फुटतो, नंतर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो आणि शेवटी त्याचा मुरूम बनतो. सपाट भागात या मुरमावर मातीचा जाड थर साचतो. उतारावर मात्र पावसाळ्यातील दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस बारीक कण खाली वाहून नेतो. परिणामी, वर उरते ती खडेमिश्रित तांबूस माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली अभेद्य खडक. वाहून गेलेले बारीक कण पायथ्याशी साचतात व तेथे भाताची खाचरे तयार होतात. म्हणजेच खाचराची सुपीकता ही एका अर्थाने वरकस जमिनीचीच देणगी होय.

या मातीत पाणी साचून राहत नाही, त्यामुळे मुळांना हवा मिळते. परंतु पाऊस थांबताच ओलही लवकर संपते. म्हणून भातासारखे पाण्यात उभे राहणारे पीक येथे येत नाही. नाचणी, वरी आणि तीळ ही पिके येतात, तीही दोन-तीन वर्षे. त्यानंतर जमीन काही काळ पडीक टाकावी लागते.

कान्हेरी : शेत खाली, पाणी वर

या भूभागाच्या वापराची सर्वांत जुनी लेखी साक्ष कान्हेरी येथे मिळते. इसवी सनाच्या प्रारंभाच्या आसपास सुरू झालेल्या या लेणीसमूहात शंभरांहून अधिक लेणी आहेत. तेथील प्राकृत लेखांत ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. खडकावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींवाटे टाक्यांत आणून साठविण्याची व्यवस्था तेथे आजही पाहावयास मिळते. भिक्षूंच्या निर्वाहासाठी जी शेते दिली गेली, त्यांपैकी एक मंगळठाण येथील होते. अभ्यासक हे गाव म्हणजे बोरिवलीजवळील मागाठाणे मानतात. धान्य पायथ्याच्या गावातून आणि पाणी डोंगरातून अशी ही विभागणी होती. डोंगराची उपयुक्तता धान्यात नसून पाण्यात आहे, हे या व्यवस्थेत गृहीत धरलेले दिसते.

महसुली दृष्टी

१७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आली. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमीन मोजणी व प्रतवारीची जी पद्धत रूढ झाली, तिची सूत्रे गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाली. दख्खनच्या जिरायत जमिनीसाठी आखलेल्या या पद्धतीत मातीची जात व खोली पाहून सोळा आण्यांच्या प्रमाणात तिची किंमत ठरे. खडबडीत, भुसभुशीत मातीचा दर्जा कितीही खोली असली तरी सहा आण्यांच्या वर जात नसे. त्यातही जमिनीचा उतार आणि मातीत चिकटपणाचा अभाव हे स्वतंत्र ‘दोष’ मानले जात व प्रत्येक दोषागणिक प्रत एका पायरीने खाली येई.

कोकणात प्रतवारीचे तपशील वेगळे होते. तेथे भातजमीन, बागायत आणि वरकस असे मुख्य वर्ग होते. तथापि मूल्यमापनामागील दृष्टी तीच होती. जमिनीची किंमत म्हणजे तिच्यातून निघणारे पीक. या हिशेबात वरकस जमीन तळाशी राहणे अपरिहार्य होते.

शेतकऱ्याचा हिशेब मात्र निराळा होता. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत व शेण पसरून ते भाजण्याची ‘राब’ पद्धत ठाणे जिल्ह्यात सर्वत्र होती. हा पाला व गवत वरकस जमिनीतूनच येई. गुरांची चराई, घराचे शाकार आणि जळण यांसाठीही याच जमिनीचा आधार होता. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमधील शेतीविषयक माहितीतही राबाचे महत्त्व स्पष्ट होते. खाचर व वरकस हे एकाच शेतीचे दोन भाग होते. महसुली नोंदींनी त्यांपैकी एकाला मोल दिले व दुसऱ्याला जोडजमीन ठरविले. वारली, मल्हार कोळी इत्यादी समाजांचे जीवन तर प्रामुख्याने या दुसऱ्या भागावरच उभे होते.

पवईचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांना आणि पुढे १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांना ही इस्टेट मिळाली. फ्रामजींनी तेथे विहिरी खोदविल्या. ऊस, नीळ, तुती यांची लागवड केली व आमराईही जोपासली. उसाला सतत ओलित लागते. आंब्याची मुळे मात्र मुरमाच्या भेगांतून खोलवर उतरून ओल शोधतात व साचलेले पाणी नसल्यामुळे कुजत नाहीत. महसुली भाषेतील दोष हा आंब्याच्या दृष्टीने गुण ठरतो.

शहराचे पाणी

१८५४ च्या पाणीटंचाईनंतर मुंबई शहराला साष्टीच्या डोंगरांकडे वळावे लागले. १८५६ मध्ये सुरू झालेले विहार तलावाचे काम १८६० मध्ये पूर्ण झाले आणि शहरास प्रथमच नळाचे पाणी मिळाले. १८७९ मध्ये तुळशी व १८९१ मध्ये पवई हे तलाव त्यात जोडले गेले. पाऊस शोषून घेणारी, मुरमातून गाळून तो हळूहळू ओढ्यात सोडणारी आणि झाडोऱ्याने धरून ठेवलेली माती हे या योजनांचे न लिहिलेले भांडवल होते. पीक न देणारी म्हणून ज्या जमिनीची प्रत खालची, तिच्याच पाण्यावर इलाख्याच्या राजधानीची तहान भागू लागली. परंतु या उपयोगामुळे तिची प्रतवारी बदलली नाही.

दोषाचे पुनरागमन

१९५० व १९५७ मधील हद्दवाढींनी अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हा सर्व परिसर मुंबई महापालिकेत आला. मुरूम भरावासाठी आणि दगड बांधकामासाठी काढला जाऊ लागला. ज्यांना सपाट जमीन परवडणे शक्य नव्हते, ते कष्टकरी उतारावर वस्ती करू लागले. स्वस्त जमीन आणि स्वस्त श्रम यांची येथे गाठ पडली.

उताराचा पायथा कापला गेला की वरच्या मुरमाचा आधार जातो. झाडे गेल्याने मुळांची पकड सुटते. भिंती, भराव व कचरा यांनी पाण्याच्या वाटा बुजतात. मुरमात शिरलेले पाणी खालच्या खडकावर अडते आणि वरचा थर घसरतो. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगर येथे दरड कोसळून साठांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी साकीनाक्यावरही दरड कोसळली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूर व विक्रोळी येथील अशाच दुर्घटनांत मिळून सुमारे तीस जणांचा बळी गेला.

या घटनांना नैसर्गिक आपत्ती म्हणणे अपुरे आहे. उतार व चिकटपणाचा अभाव हे दोन्ही दोष १८४७ मध्येच शासनाच्या अहवालात नमूद होते. पण ते आकारणी कमी करण्यासाठी. तेथे माणसे राहू लागली तेव्हा हेच ज्ञान त्यांच्या सुरक्षिततेसाठी वापरले गेले नाही.

निष्कर्ष

१. ‘वरकस’ ही संज्ञा पिकाच्या मोजमापातून आलेली आहे. पाणी, राब, चारा व फळझाडे यांचा विचार केल्यास हीच जमीन मौल्यवान ठरते.

२. पाण्याचा जलद निचरा हा या मातीचा गुण की दोष, हे तिच्यावरील झाडोरा व पाण्याच्या वाटा शाबूत आहेत की नाहीत यावर अवलंबून असते.

३. डोंगरउतारावरील वस्त्यांचा प्रश्न केवळ अतिक्रमणाचा नाही. जमिनीला व माणसाला कमी लेखणाऱ्या दीर्घ परंपरेचा तो परिपाक आहे.

उपनगरांतील अनेक महाविद्यालये या डोंगरांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि उतारावरील वस्त्यांतील मुले-मुली आपल्या वर्गात बसतात. इतिहास, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन जुने मोजणी नकाशे, सर्व्हे क्रमांक आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे आपापल्या परिसरातील पाण्याच्या बुजलेल्या वाटा नोंदविल्यास तो स्थानिक इतिहासाचा मोलाचा दस्तऐवज होईल. या विद्यार्थ्यांच्या घरांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याहून अधिक असेल.