हवाई बेटांपासून आपल्या जिन्यापर्यंत: वायफायचा इतिहास आणि तीन मजली घर

इयरफोन लावलेत? चला तर मग. आज इतिहास आहे, पण किल्ल्यांचा आणि लढायांचा नाही. आज आपल्या घरातल्या त्या लुकलुकणाऱ्या डब्याचा इतिहास आहे. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात माझ्या मामाच्या घरापासून करतो. तळमजला आणि वर दोन मजले. राउटर तळमजल्यावर, मामाच्या दुकानात. तिथे का? तर नेटवाल्याची केबल रस्त्यावरून तिथे आत आली म्हणून, दुसरं काही कारण नाही. माझ्या मामेबहिणीची खोली सगळ्यात वर. २०२० साली कॉलेज ऑनलाइन झालं आणि कळलं की वर रेंजच पोचत नाही. मग ती जिन्याच्या वळणावर उशी टाकून बसायची. लेक्चर तिथे, सबमिशन तिथे, तोंडी परीक्षाही तिथेच. परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. ते तिने दिलंही. पण आवाज तुटला आणि सरांपर्यंत ते पोचलंच नाही.

मामाने काय केलं? चार अँटेनांचा महागडा राउटर आणला आणि जुना होता तिथेच लावला. फरक पडला, पण तो फक्त दुकानात!

आता प्रश्न असा की जी गोष्ट भिंतीपलीकडे जाते म्हणून आपण घेतली, ती दोन स्लॅबमध्ये का गुदमरते? त्याचं उत्तर वायफाय कुठे जन्मलं आणि कशासाठी जन्मलं यात आहे.

समुद्र ओलांडायचा होता

साल १९७१, जून महिना. ठिकाण हवाई विद्यापीठ. कॅम्पस वेगवेगळ्या बेटांवर आणि मोठा संगणक होनोलुलूजवळच्या कॅम्पसवर. मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ वापरून हे जोडायचं ठरवलं. नाव दिलं अलोहानेट.

अडचण अशी होती की सगळ्यांना एकच रेडिओ चॅनल. दोघे एकदम बोलले की दोघांचाही संदेश खराब. त्यावर त्यांनी काढलेला उपाय फार साधा होता. बोला. समोरून पोच आली नाही, तर समजा टक्कर झाली. मग थोडा वेळ थांबा, आणि तो वेळ प्रत्येकाने आपापला, अंदाजपंचे ठरवायचा. मग पुन्हा बोला. आपल्याकडे जेवताना दोघे एकदम बोलायला लागले की "बोल, तू बोल" करत एक जण थांबतो ना, तसंच.

हे काम बॉब मेटकाफ नावाच्या तरुण इंजिनिअरने वाचलं. तो झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होता आणि त्याला एकाच इमारतीतले संगणक जोडायचे होते. त्याने अलोहाची कल्पना घेतली, सुधारली आणि हवेतून काढून केबलमध्ये घातली. मे १९७३ मध्ये त्याने तिला नाव दिलं इथरनेट. त्याआधी तिचं नाव होतं आल्टो अलोहा नेटवर्क. म्हणजे बघा, आज राउटरच्या मागे आपण जी लॅन केबल खुपसतो, तिचा आजा रेडिओ आहे! वायर आणि बिनवायर हे एकाच घरातले आहेत. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कुणाला नको असलेली लहर

पुढचा टप्पा १९८५. रेडिओ लहरी वापरायच्या म्हणजे सरकारी परवाना हवा. पण काही पट्टे असे होते की ते कुणाला फारसे नकोच होते. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखलेला होता. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात काम करतो. तिथे आधीच इतका गोंगाट, तर संदेश कोण पाठवणार?

मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने असे तीन पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी मोकळे केले. अट अशी की सिग्नल एका जागी न ठेवता पट्ट्यावर पसरून पाठवायचा आणि ताकद कमी ठेवायची. कमी ताकद हा शब्द महत्त्वाचा आहे. वायफायला परवाना लागत नाही त्याची ही किंमत आहे. कुठलीही कंपनी राउटरला कितीही अँटेना लावो, ताकदीची मर्यादा कायद्यानेच बांधलेली आहे.

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असा मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे वीस वर्षांनी.

एक मोठा हॉल

ही मोकळीक मिळाल्यावर सगळ्यात आधी कुणाला फायदा दिसला? गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला. मोठ्या दुकानात मांडणी बदलली की गल्ला हलवायचा, आणि गल्ला हलवला की वायरिंग नव्याने करायची. त्यांना ती कटकट नको होती. नेदरलँड्समधल्या त्यांच्या केंद्रात वेव्हलॅन नावाची यंत्रणा तयार झाली. तिथले इंजिनिअर विक हेस १९९० पासून एका समितीचे अध्यक्ष झाले. समितीचा नंबर ८०२.११. तोच नंबर आजही राउटरच्या खोक्यावर बारीक अक्षरात असतो. पहिलं प्रमाण निघायला १९९७ उजाडलं. वेग किती? सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगाबिट!

मग जुलै १९९९, न्यूयॉर्क. स्टीव्ह जॉब्सच्या हातात नवा आयबुक लॅपटॉप, त्यावर इंटरनेट चालू आणि वायर कुठेच नाही. वायर नाही हे पटवायला त्याने लॅपटॉप चक्क हुलाहूपच्या रिंगमधून फिरवला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच वर्षी 'वायफाय' हे नाव ठरलं.

आता जरा थांबून ही दृश्यं पुन्हा डोळ्यांसमोर आणा. एका पातळीवरचं मोठं दुकान. एक मोकळं स्टेज. सगळं आडवं. मध्ये स्लॅब कुठे आहे? नाहीच.

भिंतींचा प्रतिध्वनी

भिंतींचा विचार मात्र झाला होता, आणि तो ऑस्ट्रेलियात. जॉन ओसुलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्राचे इंजिनिअर. १९७० च्या दशकात ते फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे क्षीण सिग्नल शोधत होते. ते सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरीतून मूळ आकार काढायचं गणित हाताशी राहिलं.

पुढे सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत त्यांच्या चमूपुढे प्रश्न आला तो खोलीतल्या रेडिओचा. लहर भिंत, कपाट, छत यांच्यावर आपटून अनेक वाटांनी पोचते, थोडी मागेपुढे, आणि सगळे प्रतिध्वनी एकमेकांत कालवले जातात. रिकाम्या मंगल कार्यालयात माइक लावल्यावर भाषण जसं ऐकू येतं, तसं. त्यांनी माहितीचा एक वेगवान प्रवाह अनेक सावकाश प्रवाहांत वाटून एकाच वेळी पाठवायची पद्धत बांधली. प्रत्येक प्रवाह सावकाश, म्हणून प्रतिध्वनीचा त्रास कमी. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं. नंतर मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि त्या पेटंटने संस्थेला कोट्यवधी डॉलर मिळवून दिले.

पण यातही मेख आहे. आपटून परत येणारी लहर सांभाळता आली. जी काँक्रीटमध्ये जिरूनच गेली, तिचं काय? ती कुठल्याही गणिताने परत येत नाही.

स्लॅबचा हिशेब

हा हिशेब वायफायच्या जन्माआधीच मांडला गेला होता. व्हर्जिनिया टेकमधल्या स्कॉट सायडेल आणि थिओडोर रॅपपोर्ट यांनी बहुमजली इमारतींत मोजमापं घेतली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. एका ऑफिसच्या इमारतीत मध्ये एक मजला आला की सिग्नल सुमारे १३ डेसिबलने घसरायचा. दुसऱ्या इमारतीत सुमारे १६. डेसिबल म्हणजे काय तर ३ डेसिबल गेले की ताकद निम्मी. १३ गेले की विसावा हिस्सा उरतो आणि १६ गेले की चाळिसावा. विसात एकोणीस भाग एका मजल्याने खाल्ले!

ही मोजमापं ९१४ मेगाहर्ट्झवर होती. आपलं वायफाय त्याहून कितीतरी वरच्या लहरींवर चालतं, आणि साधारणपणे लहर जितकी वरची तितकं काँक्रीट तिला जास्त खातं. म्हणून राउटरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ सुसाट असतं आणि वरच्या मजल्यावर आधी तेच गायब होतं. २.४ रडतखडत का होईना, पोचतं.

त्यात आपल्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी. वर बाथरूमच्या टाइल्स, पाण्याचे पाइप, गच्चीवर टाकी. राउटरच्या खोक्यावर चौरस फूट छापलेले असतात, स्लॅब किती ते छापलेलं नसतं.

आणखी एक गंमत. राउटरची उभी अँटेना लहर फेकते तिचा आकार मेदूवड्यासारखा असतो. ताटात आडवा ठेवलेला मेदूवडा. बाजूला भरपूर, वर आणि खाली भोक. म्हणजे अँटेनेच्या बरोबर वरची खोली त्या भोकात येते. मामाच्या दुकानाच्या बरोबर वर कुणाची खोली होती, हे सांगायला नको.

मग आपल्या घरात काय करायचं?

इतिहास एवढा ऐकलात, आता तो वापरू या.

पहिलं, मोजा. फोनवर सिग्नलची ताकद दाखवणारं फुकट ॲप घ्या आणि घरभर फिरा. आकडा उणे असतो. उणे ६५ च्या आसपास असेल तर छान. उणे ७५ च्या खाली गेला तर व्हिडिओ कॉल अडखळणार. अभ्यास जिथे होतो तिथे मोजा, सोफ्यावर बसून मोजू नका.

दुसरं, राउटर हलवा. दुकानाच्या कोपऱ्यातून जिन्याजवळ, शक्य तर मधल्या मजल्यावर. जिन्याची मोकळी जागा म्हणजे स्लॅबला पडलेलं भगदाड. लहर तिथून वर जाते. बहीण जिन्याच्या वळणावर बसायची ती उगाच नाही, तिने विज्ञान न शिकता घरातली सगळ्यात बरी जागा हुडकली होती.

तिसरं, रिपीटरच्या भरवशावर फार राहू नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि मेलेल्या कोपऱ्यात लावला तर तो मेलेलाच सिग्नल पुढे पाठवतो. मेश नावाचे दोन-तीन डब्यांचे संच येतात, ते यापेक्षा बरे. पण तेही आपसात हवेतूनच बोलत असतील, तर स्लॅबचा कर त्यांनाही भरावा लागतो.

चौथं आणि खरं उत्तर: प्रत्येक मजल्यावर एक डबा आणि ते डबे जोडायला लॅन केबल. कॅट सिक्स केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट आरामात नेते. घर कितीही मोठं असलं तरी एवढं पुरतं. तिला स्लॅबचं काही वाटत नाही. सगळ्या डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे फोन जवळचा डबा पकडू शकेल. २.४ मध्ये चॅनल मात्र वेगळे ठेवा: १, ६ आणि ११. हे तिन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत.

आलं ना लक्षात? हवेतली कल्पना मेटकाफने केबलमध्ये घातली, पुढच्यांनी ती पुन्हा हवेत आणली, आणि तीन मजली घराला दोन्ही लागतात. मजल्यावर हवा, मजल्यांमध्ये वायर.

कुणी म्हणेल, एकट्या वरच्या खोलीसाठी एवढा खटाटोप कशाला? तर ऐका. वायफायमध्येही अलोहासारखंच सगळ्यांना एक चॅनल वाटून घ्यावं लागतं, आणि साधारणपणे एका चॅनलवर एका वेळी एकच बोलतो. ज्याचा सिग्नल कमजोर, तो सावकाश बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. वरच्या मजल्यावरच्या फोनची फरफट खाली दुकानात बसलेल्यालाही भोगावी लागते. एकाच्या खोलीचा प्रश्न शेवटी सगळ्या घराचा असतो.

आता मामाच्या घराचं सांगतो. गेल्या वर्षी त्यांनी वर आणखी एक मजला चढवला. स्लॅब पडायच्या आधी बहीण वायरमनच्या मागे लागली. जिन्याच्या कडेने खालपासून वरपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घेतला, आत ओढायला तार ठेवली. गवंडी विचारत होता, "हे कशाला?" ती म्हणाली, "असू दे." प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही, हे तिला माहीत होतं. आज प्रत्येक मजल्यावर एक डबा आहे आणि जिन्याच्या वळणावरची उशी मांजराने घेतलीय.

तुमच्याकडे कुठे बांधकाम चालू असेल, तर आजच घरी सांगा: एक रिकामा पाइप. आणि तुमच्या घरात जिन्यावर कोण बसतं, तेही एकदा बघा. भेटू पुढच्या भागात!