बंदिस्त टाकीत काम: धोका, खबरदारी आणि प्रथमोपचार

सांडपाण्याची टाकी, मळीची टाकी, रसायनांचा रिअॅक्टर, मॅनहोल या सगळ्या बंदिस्त जागा. आत-बाहेर करायला अरुंद वाट आणि हवा खेळती नाही, ही त्यांची ओळख. तुम्ही किंवा तुमच्या घरातील कोणी अशा ठिकाणी काम करत असेल, तर ही माहिती सगळ्यांनी वाचावी.

धोका आधी जाणवत का नाही?

नेहमीच्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला, तर ती हवा कामासाठी असुरक्षित मानतात. लोखंडाला गंज चढताना आणि गाळ कुजताना ऑक्सिजन कमी होतो. जीव घुसमटल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे नाही. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टाकीत काहीही त्रास न जाणवता माणूस काही श्वासांतच बेशुद्ध पडू शकतो.

गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे समजू नका.

उतरण्यापूर्वी हे विचारा

• आत जाण्याचा लेखी परवाना आहे का?
• ऑक्सिजन, ज्वलनशील वायू आणि विषारी वायू मीटरने तपासले का? वर, मध्ये आणि तळाशी? गाळ ढवळल्यावर वायू सुटतो, म्हणून काम चालू असतानाही तपासणी हवी.
• टाकीला जोडलेले पाइप आणि यंत्रे बंद करून कुलूप लावले का?
• ब्लोअरने ताजी हवा सोडली आहे का?
• अंगात हार्नेस, त्याला दोर आणि बाहेर सतत लक्ष ठेवणारा माणूस आहे का?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर उतरू नका. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36 मध्येही अशा जागांसाठी खबरदारीची सक्ती होती. तुम्ही सवलत मागत नाही. रुमाल किंवा साधा मास्क ऑक्सिजन देत नाही. काडी पेटवून हवा तपासू नका. मिथेन असेल तर स्फोट होईल.

फिट येणे, दमा, हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे काम करू नका.

सोबती आत कोसळला तर

त्याच्यामागे उतरू नका. अमेरिकेच्या ‘निऑश’ या संस्थेने 1986 मध्ये नोंदवले होते की, अशा दुर्घटनांतील 60 टक्क्यांहून अधिक मृत वाचवायला गेलेले होते. बाहेरूनच दोराने ओढा. 112 वर फोन करून बंदिस्त टाकीतील अपघात असल्याचे स्पष्ट सांगा. श्वसनयंत्र लावलेल्या पथकानेच आत जावे.

बाहेर काढल्यावर रुग्णाला मोकळ्या हवेत न्या. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. विषारी वायूची शंका असल्यास तोंडाने श्वास देऊ नका.

शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या

काही वायूंमुळे फुप्फुसात पाणी भरायला अनेक तास लागतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्याला घरी झोपवू नका. टाकीत काय होते, तो किती वेळ आत होता आणि बेशुद्ध पडला होता का, हे डॉक्टरांना सांगा. पुढच्या दिवसांत धाप, छातीत दुखणे, डोकेदुखी किंवा विसराळूपणा जाणवला, तर लगेच पुन्हा तपासणी करून घ्या.