जॉबरची चिठ्ठी आणि कंपनीचं 'रेफरल'

बारामतीच्या उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लागली आणि 2025 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी बारामतीचं नाव जगापुढे घेतलं. चांगली गोष्ट आहे. पण बारामती-इंदापूरच्या वस्त्यांतून इंजिनिअर झालेल्या पोरांपुढचा प्रश्न वेगळाच आहे. पदवी मिळाली, आता दार कोण उघडणार?

कॉलेजच्या दारापर्यंत आपण संविधानाच्या बळावर पोहोचलो. विद्या प्रतिष्ठान 1972 चं, त्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय 2000 चं. 'कॅप'मधून राखीव जागेवर प्रवेश, भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि उरलेल्या खर्चाला आईची मजुरी, अशा तऱ्हेने पोरगं कॉम्प्युटरची पदवी घेऊन बाहेर पडतं. त्याच्यापुढे शंभर किलोमीटरवर पुणं असतं. तिथे आरक्षण संपतं आणि 'ओळख' सुरू होते.

झपाट्याने वाढणाऱ्या स्टार्टअपमध्ये 'प्लॅटफॉर्म इंजिनिअर' कसा भरतात ते बघा. बाकीच्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर ज्या पायावर चालतं तो पाया हा माणूस बांधतो: सर्व्हर, क्लाऊड, सुरक्षा, रात्री दोनला बंद पडलेली यंत्रणा. हे काम अभ्यासक्रमात फारसं शिकवत नाहीत, ते कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं. म्हणून जाहिरातीत तीन-चार वर्षांचा अनुभव मागतात. पहिला अनुभव कोण देणार, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतं. शिवाय कंपनीला माणूस लगेच हवा असतो. मग आधीच्या दहा जणांना सांगितलं जातं, तुमच्या ओळखीचे आणा, आणाल त्याचा बोनस मिळेल. ते दहा जण एकाच कॉलेजचे, एकाच होस्टेलचे असतील तर अकरावा कुठून येणार हे सांगायला समाजशास्त्राची एम.ए. लागत नाही.

याला लोक नवी कार्यसंस्कृती म्हणतात. मुंबईच्या गिरणीत यालाच जॉबर म्हणायचे.

गिरणीत भरती मालक करत नसे, जॉबर करी. तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्या जातीचे लोक आणी आणि खात्यात त्यांचाच जम बसे. व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. पण आपल्यासाठी खरी गोष्ट विणाई खात्याची आहे. कांडीचं सूत संपलं की नव्या कांडीचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून जास्त पगाराचं विणाई खातं अस्पृश्य कामगारांना बंद आणि कमी पगाराचं सूत कातायचं काम खुलं. गंमत अशी की यात मालकाचा काहीच फायदा नव्हता. विटाळ सवर्ण कामगारांना होत होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी विणाई खातं उघडा ही मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली, तेव्हा कामगारांच्या एकीचं खरं रूप दिसलं.

1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी हेच पुन्हा मांडलं. आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधं पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात. म्हणजे कुवतीचा प्रश्नच नाही, घरात घेण्याचा प्रश्न आहे. आज कंपनीचा चालू सर्व्हर कुणाच्या हाती द्यायचा हे 'विश्वासा'वर ठरतं. हा विश्वास कसा मोजतात, हे विचारायला नको का?

आपल्या भागातही हे जुनंच आहे. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केल्यावर शिवराम जानबा कांबळे यांनी शेजारच्या सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा घेतली आणि 1910 मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला: आम्हाला पोलिसात, पलटणीत घ्या. साखरपट्ट्यात नंतर कारखाने आले, शिक्षणसंस्था आल्या, आणि 'कुणाचा आहेस?' हा प्रश्नही सोबत आला.

कुणी म्हणेल, खासगी कंपनी गुणवत्ता बघते, जात बघत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी हेच तपासलं. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनाव वेगळं. 2007 मध्ये आलेला निष्कर्ष असा: सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन दिल्ली परिसरातल्या भरती अधिकाऱ्यांशी बोलले. ते सगळे गुणवत्तेची भाषा बोलत होते आणि मुलाखतीत 'घरी कोण काय करतं' हेही विचारत होते.

बाबासाहेबांना हे आधीच दिसलं होतं. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी लिहिलं की, नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपलं भागणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा. पुढच्याच वर्षी सरकारी नोकऱ्यांत 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. ते मजूर खात्याचे सदस्य असताना 1945 मध्ये रोजगार विनिमय केंद्रांची यंत्रणा उभी राहिली. रिकामी जागा चारचौघांत जाहीर व्हावी, जॉबरच्या कानात नको, हाच तिचा अर्थ.

1959 च्या कायद्याने 25 किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवण्याचं बंधन घातलं. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक चोरवाट ठेवली: जागा कळवा, केंद्राकडूनच माणूस घेण्याची सक्ती नाही. तिथेच सगळं अडलं.

खासगी क्षेत्रात आरक्षण ही आपली मागणी आहेच, ती सोडायची नाही. पण ती मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. प्रत्येक जागा उघड जाहीर करा. वर्षभरात किती माणसं रेफरलने घेतली आणि त्यात अनुसूचित जाती-जमातीची किती, याचा आकडा द्या. पहिल्या गाळणीत नाव, आडनाव, गाव झाकून फक्त काम तपासा. 'कल्चर फिट' म्हणून नाकारलं तर कारण लेखी द्या. आणि बारामती-इंदापूरचे जे आपले लोक आज हिंजवडीत, खराडीत आत बसले आहेत, त्यांनी या महिन्यात आपल्या कंपनीत कोणत्या जागा निघाल्या ते गावच्या पोरांना कळवावं. सवर्ण पोराला ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते, आपल्या पोराला ती फोनवर तरी मिळू द्या.