दक्षिणा, पाठशाळा आणि पंतोजी

विद्येचा खर्च सरकारनें सोसावा कीं गृहस्थांनीं, हा वाद नवा नव्हे. श्रावणमासीं दक्षिणा वांटण्याची चाल मूळ सेनापति दाभाडे यांच्या घरची, इ. स. १७३१ त डभईस त्रिंबकराव पडल्यावर ती पेशव्यांनीं पुण्यास चालविली. इ. स. १८१८ त राज्य गेलें, तरी एल्फिन्स्टन साहेबानें ती एकदम मोडली नाहीं. तींतीलच कांहीं रकमेवर इ. स. १८२१ त विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे एका सरदारघराण्याचें दान प्रथम दौलतीचें व मग इंग्रज सरकारचें झालें.

परंतु मुलांस अक्षर व हिशेब शिकवी तो गांवचा पंतोजी, आणि त्याचा निर्वाह पालकांच्या पैशा-धान्यावर चाले. सरकारी खर्च पेशवे दप्तरांत सांपडतो. पंतोजीचा खर्च घरोघरच्या वह्यांत राहिला, व त्या वह्या रद्दींत जातात. एकाच बाजूचे कागद उरले तर निवाडाही एकाच बाजूचा होईल. याकरितां संग्राहकांस आमची विनंति कीं, पोथ्यांबरोबर घरखर्चाचे रुमालही राखावे. किरकोळ म्हणून टाकूं नयेत.