दूरचित्रवाणी, क्रीडास्पर्धा आणि सामूहिक स्मृती

मैदानावरील झुंज घरबसल्या पाहताना प्रेक्षकाच्या मनात दाटून येणारी उत्कंठा हा आज नित्याचा अनुभव आहे. तथापि या अनुभवालाही इतिहास आहे आणि कोणता खेळाडू समाजाच्या स्मरणात राहतो, कोणता विस्मरणात जातो, हे ठरविण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट गटाचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सुवर्णपदक जिंकणारा जपानी मल्ल शोहाची इशी आणि रौप्यपदक मिळविणारा सोव्हिएत मल्ल यांच्याशी खाशाबा कसे लढले, हे मायदेशात कोणालाच पाहता आले नाही. भारतात तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. कऱ्हाडला बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. परंतु मिरवणुकीतील लोकांनी पाहिले ते पदक, ती कुस्ती नव्हे.

ही उणीव आकाशवाणीने काही अंशी भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. बाळ ज. पंडित यांच्या मराठी धावत्या समालोचनाने क्रिकेटचे मैदान घराघरांत आणले. मात्र श्रोता निवेदकाच्या डोळ्यांनीच खेळ पाहत असे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. खरे वळण आले ते १९८२ मध्ये. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या त्या वर्षी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. ज्या घरी संच असे तेथे शेजारपाजाऱ्यांनी दाटीवाटीने बसावे, हा त्या काळातील परिचित देखावा होता.

या नव्या प्रेक्षकाच्या वाट्याला आलेला एक ठळक प्रसंग पराभवाचा होता. १ डिसेंबर १९८२ रोजी हॉकीच्या अंतिम सामन्यात पहिला गोल भारताने केला. पुढे पाकिस्तानने ७-१ असा विजय मिळविला. गोलरक्षक मीररंजन नेगी यांना त्यानंतर प्रदीर्घ काळ निराधार संशयाला तोंड द्यावे लागले. पराभव डोळ्यांनी पाहिला म्हणजे त्याचे कारणही दिसले, असा प्रेक्षकाचा ग्रह होतो. तो नेहमीच खरा नसतो.

८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिस येथे महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत झाली. पी. टी. उषा यांनी ५५.४२ सेकंदांत अंतर पूर्ण केले, तर रुमानियाच्या क्रिस्तिआना कोजोकारू यांनी ५५.४१ सेकंदांत. पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. मानवी डोळ्याला न दिसणारा हा फरक अंतिम रेषेवरील छायाचित्राने निश्चित केला आणि कांस्यपदक हुकले. अशा शर्यतीचे चित्रण पुन्हा पाहताना, निकाल ठाऊक असूनही, प्रत्येक वेळी तो बदलेल की काय असे वाटत राहते. बहुधा यामुळेच उषा यांचे चौथे स्थान अनेक पदकांपेक्षा अधिक परिचित झाले.

यावर एक आक्षेप संभवतो. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध कपिलदेव यांनी केलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रण झालेले नाही. तरीही ती खेळी विस्मरणात गेली नाही. हा आक्षेप वजनदार आहे, परंतु निर्णायक नाही. अवघ्या सात दिवसांनी लॉर्ड्सवरील अंतिम सामना भारतीयांनी पडद्यावर पाहिला आणि कपिलदेव यांच्या हातातील विश्वचषकही. पाहिलेल्या विजयाने न पाहिलेल्या खेळीला आधार दिला. खाशाबांच्या कुस्तीला असा आधार लाभला नाही.

उषा यांच्या शर्यतीनंतर सहाच दिवसांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, खाशाबांचे अपघाती निधन झाले. भारताला पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी मिळवून दिले. त्यामुळे ४४ वर्षांपूर्वीच्या पदकाचा उल्लेख अपरिहार्य ठरला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.